मानव विकासची पदवी, थेरपी सेंटरचं कार्ड आणि सीआरआर नंबर: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

गृहविज्ञानाच्या पदवीत मानव विकास हा विशेष विषय घेणाऱ्या मुलींना पहिला प्रश्न घरातूनच येतो: याचं पुढे काय होतं? आहारशास्त्र घेतलं तर डाएटिशियन, वस्त्रशास्त्र घेतलं तर डिझायनर, हे लोकांना पटकन कळतं. मानव विकास म्हटलं की काहींना शाळकरी मुलींना नेणाऱ्या एसटीच्या निळ्या बस आठवतात. ती सरकारची वेगळी योजना आहे, तिचा या पदवीशी संबंध नाही. या पदवीत गर्भावस्थेपासून वार्धक्यापर्यंत माणूस कसा घडतो ते शिकवतात. बालविकास, कुटुंब, पूर्वप्राथमिक शिक्षण, समुपदेशनाची ओळख, विशेष गरजा असलेली मुलं असं सगळं थोडं थोडं येतं. विषयाचा आवाका मोठा आहे ही त्याची ताकद, आणि पदवीनंतर नेमकी अडचणही तिथेच येते.

प्रकरणातली विद्यार्थिनी कल्याणची. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. २०२२-२३ साली ती मुंबईतल्या गृहविज्ञान महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला होती. घरी वडील एकटे कमावते. पदवीनंतर जास्तीत जास्त दोन वर्षं शिकता येईल, मग पगार सुरू व्हायला हवा, हे घरात आधीच ठरलं होतं. तिला दोन ते सहा वर्षांच्या मुलांसोबत काम करायचं होतं आणि त्यातही ज्यांचा विकास मागे पडलाय अशा मुलांसोबत. याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. त्यासाठी कोणता कागद लागतो, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत तिने १८,५०० रुपये भरून ‘चाइल्ड सायकॉलॉजी अँड स्पेशल नीड्स’ असा सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स केला होता. प्रमाणपत्रावर सोनेरी शिक्का होता, खाली ‘आंतरराष्ट्रीय मान्यता’ असं छापलं होतं. त्यावर तिला घराजवळच्या थेरपी सेंटरमध्ये महिना ९,००० रुपयांवर अर्धवेळ काम मिळालं. सुरुवात शॅडो टीचर म्हणून, म्हणजे एका मुलाच्या सोबत राहून त्याला मदत करणारी म्हणून झाली. चार महिन्यांतच सेंटरच्या कार्डावर तिच्या नावापुढे ‘स्पेशल एज्युकेटर’ छापून आलं.

अडचण कुठे उघडी पडली

सेंटरमध्ये एक चार वर्षं दोन महिन्यांचा मुलगा येत असे. बोलणं दोन-तीन शब्दांपुरतं, नजर ओझरती. शाळेने पालकांकडे अहवाल मागितला. सेंटरच्या प्रमुखांनी तिलाच बसवलं: ‘तू कॉलेजात व्हाइनलँड शिकलीयस ना, करून टाक.’

व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता मापिकेची भारतात वापरात असलेली आवृत्ती मॅलिन यांनी केली. तिच्यात ८९ बाबी असतात. मूल काय करतं हे त्याची रोज देखभाल करणाऱ्या माणसाला विचारून गुण द्यायचे असतात. वर्गात हे तिने प्रात्यक्षिक म्हणून एकदा केलं होतं. तिने मुलाच्या आईची मुलाखत घेतली. सामाजिक वय ३१ महिने निघालं, मुलाचं वय ५० महिने. ३१ भागिले ५० गुणिले १०० म्हणजे ६२. लेटरहेडवर ‘एसक्यू ६२’, म्हणजे सामाजिक गुणांक ६२, लिहून तिने सही केली.

आठवड्याभरात आई परत आली. आवाजात राग नव्हता, काळजी होती. ‘टीचर, शाळेवाले म्हणतात, यावर सीआरआर नंबर नाहीये. तुमचा नंबर काय आहे?’

तिच्याकडे नंबर नव्हता. सीआरआर म्हणजे काय, हेही तिला त्या रात्री शोधावं लागलं.

भारतीय पुनर्वसन परिषद म्हणजे आरसीआय. तिचा कायदा १९९२चा. अपंगत्वाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या व्यावसायिकांची ती केंद्रीय पुनर्वसन नोंदवही ठेवते, आणि त्या नोंदवहीतला क्रमांक म्हणजे सीआरआर. कायद्याखाली अशा व्यावसायिकांचे १६ गट ठरवलेले आहेत, विशेष शिक्षक त्यातलाच एक. नोंदणी नसताना असं काम करणाऱ्याला कलम १३ नुसार एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दंडाची रक्कम पाहून कुणाला हे किरकोळ वाटेल. मुलाच्या बाजूने पाहिलं तर तसं वाटत नाही.

मुलाला पुन्हा तपासणीसाठी सरकारी रुग्णालयात नेलं. तिथल्या मानसशास्त्रज्ञांनी आजीलाही बोलावून घेतलं. आई दिवसभर नोकरीवर असायची, मूल आजीजवळ. ‘स्वतःच्या हाताने जेवतो’ असं आईने सांगितलं होतं आणि त्याचा पूर्ण गुण दिला गेला होता. आजी म्हणाली, ‘पोळीचा तुकडा हातात दिला तर खातो, पण वरणभात मीच भरवते, नाहीतर सांडवतो.’ अशा पाच-सहा बाबी बदलल्या आणि आकडा खाली आला. रुग्णालयातल्या तपासणीत ऑटिझमची शक्यताही पुढे आली. पहिल्या अहवालात तिचा उल्लेखही नव्हता. या सगळ्यात चार महिने गेले. चार वर्षांच्या मुलाचे चार महिने ही लहान गोष्ट नव्हे.

विद्यार्थिनीची चूक आकड्यापुरती नव्हती. तिने जी चाचणी केली ती फार तर चाळणी म्हणून चालली असती. ‘विकास मागे वाटतो, पुढच्या तपासणीसाठी पाठवावे’ इतकं लिहून ती थांबली असती तर ते तिच्या शिक्षणाच्या मर्यादेत बसलं असतं. गुणांक लिहून सही केली की कागद वाचणाऱ्याला तो निदानासारखा दिसतो.

समोर असलेले पर्याय

महाविद्यालयातल्या तिच्या मार्गदर्शक मॅडमनी सल्ला देण्याआधी एक काम लावलं: जी नोकरी दहा वर्षांनी करावीशी वाटते अशा पदांच्या खऱ्या जाहिराती गोळा कर आणि पात्रतेचं वाक्य जसंच्या तसं वहीत उतरव. तिने ११ जाहिराती जमवल्या. सहा ठिकाणी आरसीआय नोंदणी मागितली होती. दोन ठिकाणी मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी, दोन ठिकाणी पूर्वप्राथमिक शिक्षणाची पदविका आणि एका ठिकाणी कोणतीही पदवी चालत होती. ऑनलाइन कोर्सचं नाव एकाही जाहिरातीत नव्हतं. कोणता अभ्यासक्रम चांगला, हा आतापर्यंतचा प्रश्न या वहीमुळे मागे पडला. त्याच्या जागी आला: कोणत्या दारावर काय लिहिलंय?

पहिला पर्याय मानव विकासातच एमएस्सी, दोन वर्षं. विषय आवडीचा, शोधनिबंध, क्षेत्रकार्य. त्यातून मिळणारी एक ठोस वाट सीबीएसईच्या शाळांमधल्या समुपदेशकाची. मंडळाच्या तेव्हाच्या संलग्नता नियमांत समुपदेशकासाठी मानसशास्त्रातली पदवी किंवा पदव्युत्तर पदवी, बालविकासातली पदव्युत्तर पदवी, किंवा पदवीसोबत करिअर मार्गदर्शन व समुपदेशनाची पदविका असे पर्याय दिलेले होते. दुसरी वाट प्राध्यापकीची. तिथे नेट-सेट द्यावी लागते, आणि परीक्षेचा विषय ‘गृहविज्ञान’ असतो, ‘मानव विकास’ नव्हे. अन्नविज्ञान, वस्त्र, गृहव्यवस्थापन, विस्तारकार्य हे सगळं पुन्हा अभ्यासावं लागतं, आणि मानव विकास व कुटुंब अभ्यास त्यातले मोजकेच घटक आहेत. हे ऐकून पुष्कळ मुलींना धक्का बसतो. तिलाही बसला. पण खरी अडचण पुढे होती: एमएस्सीने सीआरआर मिळत नाही. दोन वर्षं शिकूनही त्या अहवालावर तिला सही करता आली नसती.

दुसरा पर्याय मानसशास्त्रात एमए. काही विद्यापीठं कोणत्याही पदवीवर प्रवेश देतात, म्हणून हा सोपा वाटतो. मात्र चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ व्हायचं तर एमएनंतर आरसीआयमान्य अभ्यासक्रम वेगळा करावा लागत होता. चार वर्षं आणि त्यात प्रवेशाची प्रचंड स्पर्धा. घरची मर्यादा दोन वर्षांची होती, म्हणून हा पर्याय लवकर बाजूला पडला.

तिसरा पर्याय अर्ली इंटरव्हेन्शनची, म्हणजे लहान वयातच मदत सुरू करण्याच्या कामाची, पदव्युत्तर पदविका. नावावरून हा तिच्यासाठीच आखलेला वाटत होता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. त्याखाली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आली, आणि त्यांत ‘अर्ली इंटरव्हेन्शनिस्ट-कम-स्पेशल एज्युकेटर’ असं पदच आहे. पण तिने पाहिलेल्या माहितीपत्रकानुसार तिच्या बीएस्सीवर थेट प्रवेश बसत नव्हता.

चौथा, बीएड विशेष शिक्षण. दोन वर्षं, आरसीआयमान्य, पदवीला किमान ५० टक्के गुण, आणि महाराष्ट्रात बीएडच्या सीईटीतून प्रवेश. पास झाल्यावर नोंदणी. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्वसाधारण शाळांमधल्या विशेष शिक्षकांच्या प्रश्नावर निकाल दिला. त्यानंतर प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या १० विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यावरच्या वर्गांसाठी १५ मागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण आलं. भरती अजून त्या वेगाने होत नाही, पण शाळा हे पद आता टाळू शकत नाहीत.

महिला व बालविकास विभागाच्या स्पर्धा परीक्षांचाही विचार झाला. तिथे सामान्य अध्ययनाची तयारी निर्णायक ठरते आणि विशेष विषयाचा फायदा मर्यादित असतो. तिचा कल तिकडे नव्हता, म्हणून चर्चा लांबली नाही.

पहिला निर्णय सोपा, दुसरा अवघड

बीएड विशेष शिक्षण हे साधारण दोन आठवड्यांत ठरलं. खरी ओढाताण झाली ती अपंगत्वाचं कोणतं क्षेत्र घ्यावं यावर. अध्ययन अक्षमता, बौद्धिक अक्षमता, श्रवणदोष, दृष्टिदोष, ऑटिझम: प्रवेशाच्या वेळीच एक निवडावं लागतं आणि नोंदणीही त्याच क्षेत्राची होते.

इंग्रजी माध्यमाच्या शाळांत अध्ययन अक्षमतेच्या शिक्षकांना मागणी आहे. रिसोर्स रूममध्ये, म्हणजे शाळेतल्या अशा मुलांसाठीच्या वेगळ्या खोलीत बसून वाचन-लेखनावर काम, तुलनेने बरा पगार. मैत्रिणी तिकडेच निघाल्या होत्या. इथे मॅडमनी एकच तपशील दाखवला. तेव्हा लागू असलेल्या केंद्राच्या २०१८च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार विशिष्ट अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षाआधी देत नसत. पुढे १४ आणि १८ व्या वर्षी फेरतपासणी होत असे. कारण साधं आहे: मुलाला वाचायला-लिहायला शिकवून पुरेसा काळ गेल्याशिवाय त्यात अडचण आहे की नाही हे ठरवता येत नाही. म्हणजे या क्षेत्राचं काम साधारण तिसरी-चौथीपासून सुरू होतं. दोन ते सहा वर्षांची मुलं त्यात जवळपास येतच नाहीत.

बौद्धिक अक्षमतेच्या अभ्यासक्रमात विकासातली मंदता, स्वावलंबनाची कौशल्यं, कामाचं लहान लहान पायऱ्यांत विभाजन हे सगळं येतं. तिच्या पदवीशी याचा थेट मेळ बसत होता. ऑटिझमचं क्षेत्र आणखी जवळचं होतं, पण त्याची मान्यता असलेली संस्था तिच्या रोजच्या लोकलच्या पल्ल्यात नव्हती आणि वसतिगृहाचा खर्च झेपणार नव्हता. तिने बौद्धिक अक्षमता निवडली. नोकरीची बाजारपेठ पाहून नव्हे, मुलांचं वय पाहून. हा निर्णय या प्रकरणातला सर्वांत जपून घेतलेला निर्णय म्हणता येईल.

प्रत्यक्षात काय केलं

सेंटरमध्ये तिने अहवालावर सही करणं थांबवलं आणि पद पुन्हा शॅडो टीचर करून घेतलं. आधी ज्या दोन कुटुंबांना अहवाल दिले होते त्यांना स्वतः भेटून सांगितलं की हे कागद कुठेही वापरू नका, सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्या. एका आजोबांनी बरंच सुनावलं. सेंटरने कार्ड बदललं, पण जाहिरातीतल्या फोटोखाली ‘स्पेशल एज्युकेटर’ तसंच राहिलं, ते ती काढायला लावू शकली नाही.

संस्था निवडताना तिने आरसीआयच्या संकेतस्थळावरच्या यादीत तीन गोष्टी तपासल्या: संस्थेचं नाव, नेमकं कोणत्या क्षेत्रासाठी मान्यता आहे, आणि मान्यता कोणत्या शैक्षणिक वर्षापर्यंत आहे. तिसरी गोष्ट बहुतेकजण बघतच नाहीत. एका संस्थेला श्रवणदोषाची मान्यता होती, बौद्धिक अक्षमतेची मुदत मात्र संपलेली होती आणि फलकावर दोन्ही नावं होती. फलकावर विसंबून पैसे भरले असते तर दोन वर्षांनी नोंदणीचा अर्जच अडला असता.

सीईटीचा अर्ज तिच्या हातून थोडक्यात सुटला असता. पदवीचा निकाल लागल्यावर अर्ज करायचा असतो असा तिचा समज होता. अर्ज त्याच्या कितीतरी आधी, तिसरं वर्ष चालू असतानाच भरायचा असतो. शेवटच्या दोन दिवसांत तो भरला गेला.

अध्यापन पद्धतीच्या दोन विषयांवरही प्रश्न आला. बीएडला शालेय विषय निवडावे लागतात आणि ते पदवीच्या विषयांशी जुळायला हवेत. गृहविज्ञान कशात धरायचं यावर खिडकीवर वाद झाला. महाविद्यालयाकडून आणलेलं विषयवार गुणांचं पत्र दाखवल्यावर विज्ञान आणि मराठी मान्य झालं.

प्रवेशफेऱ्या चालू असतानाच, ११ ऑगस्ट २०२३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने बीएड ही सर्वसाधारण प्राथमिक शिक्षकपदाची पात्रता ठरत नाही असा निकाल दिला. ‘काहीच नाही जमलं तर पहिली-दुसरीला शिकवेन’ हा तिचा राखीव बेत त्या दिवशी गेला. तरीही तिने प्रवेश घेतला, कारण मुख्य बेत त्यावर उभा नव्हता.

बीएडमध्ये मानव विकासची पदवी कुठे कामी आली ते पाहण्यासारखं आहे. निरीक्षणाच्या नोंदी तिच्या सर्वांत नेटक्या असत. ‘हट्ट करतो’ असं ती लिहीत नसे. ‘१०.४०: ठोकळे उचलले, बाईंनी डबा झाकला, मूल जमिनीवर आडवं, ९० सेकंद रडणं, डबा उघडल्यावर थांबलं’ असं लिहीत असे. उलट शिकवण्याची बाजू कच्ची होती. बटण लावायला शिकवताना तिने पहिल्यांदा सातही पायऱ्या एकदम दाखवल्या. मूल दुसऱ्या पायरीलाच कंटाळून उठलं. मग पर्यवेक्षकांनी शेवटून सुरुवात करायला सांगितलं: सहा पायऱ्या शिक्षिकेने करायच्या, काजातून अर्धं बाहेर आलेलं बटण ओढायचं तेवढं मुलाने. काम पूर्ण झाल्याचा आनंद मुलाला पहिल्याच दिवशी मिळतो, मग एकेक पायरी मागे सरकायचं. पाचव्या आठवड्यात त्या मुलाने मोठं बटण एकट्याने लावलं. पाठ्यपुस्तकातला विकासाचा टप्पा आणि हातातलं काज यांच्यामधलं हे अंतर पदवीत भरून निघालेलं नव्हतं.

निष्पत्ती

२०२५ मध्ये ती उत्तीर्ण झाली. नोंदणीच्या अर्जावर त्रुटी निघाली: गुणपत्रक आणि आधारवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं. प्रतिज्ञापत्र करून ते मिटवलं, पण त्यात दीड महिना गेला. ठाणे जिल्ह्यातल्या एका शाळेत रिसोर्स रूममध्ये २६,००० रुपयांवर ती रुजू झाली आहे. आता अहवालावर सही करते तेव्हा खाली क्रमांक असतो, आणि आपल्या क्षेत्राबाहेरचं काही दिसलं तर ती निदान न लिहिता पुढे पाठवते.

मूळ इच्छा अर्धीच पूर्ण झाली. शाळेतली मुलं पहिली ते चौथीची आहेत. दोन-तीन वर्षांची मुलं तिच्याकडे येत नाहीत. त्यासाठी अर्ली इंटरव्हेन्शनची पदविका करायची की नोकरी सांभाळून आधी एमएस्सीसाठी पैसे साठवायचे, हे अजून ठरायचं आहे. पदविकेच्या यंदाच्या माहितीपत्रकात तिच्या बीएडवर प्रवेश बसतो का, हे ती आधी वाचते आहे. जुन्या पत्रकावर आता ती विश्वास ठेवत नाही.

त्या मुलाला सध्या ऑटिझमसाठीची थेरपी मिळते आहे.

काय वेगळं करता आलं असतं

पहिलं म्हणजे ते १८,५०० रुपये. त्या कोर्सचा मजकूर अगदीच वाईट नव्हता, काही वर्कशीट ती आजही वापरते. पण पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचारायला हवा होता: हे पूर्ण केल्यावर माझं नाव कोणत्या नोंदवहीत येईल? उत्तर ‘कोणत्याच नाही’ असेल तर तो छंदवर्ग समजून करावा, पात्रता समजून नाही.

दुसरं, जाहिरातींची वही तिसऱ्या वर्षाऐवजी पहिल्या वर्षाच्या शेवटी व्हायला हवी होती. आता नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत शिकणाऱ्यांना तर ते अधिकच गरजेचं आहे, कारण मायनर विषय लवकर ठरवावा लागतो. समुपदेशनाकडे जायचं असेल तर मायनर मानसशास्त्र घ्यावा. विशेष शिक्षणाकडे जायचं असेल तर एखादा शालेय विषय मायनर ठेवणं शहाणपणाचं, म्हणजे पुढे अध्यापन पद्धतीवरून खिडकीवर वाद होत नाही. ऑन जॉब ट्रेनिंग चार क्रेडिटचं असेल तर ते १२० तास होतात. ते तास खासगी सेंटरमध्ये घालवण्यापेक्षा जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात किंवा मान्यताप्राप्त विशेष शाळेत नोंदणीकृत माणसाच्या हाताखाली काढावेत. या विद्यार्थिनीने तसं केलं असतं तर सीआरआर हा शब्द तिने एका आईच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला नसता.

महाविद्यालयाचीही जबाबदारी इथे येते. व्हाइनलँड किंवा डासी वर्गात दाखवताना, हे कोण करू शकतं आणि तुम्ही काय लिहायचं नाही, हे त्याच तासाला सांगायला हवं. जन्मापासून ३० महिन्यांपर्यंतच्या बाळांसाठीच्या डासीत ६७ कारक (हालचालींच्या) आणि १६३ मानसिक बाबी आहेत. एका प्रात्यक्षिकात ती ओळखीची होते, हातात येत नाही. विद्यार्थिनीला चाचणीचं नाव माहीत असतं, आणि बाहेरच्या जगाला तेवढं पुरेसं वाटतं.

शेवटची बाब किरकोळ दिसते, पण तिच्यावरून मुलाखती हुकतात. पदवी प्रमाणपत्रावर अनेकदा फक्त ‘बीएस्सी (गृहविज्ञान)’ असतं. ‘मानव विकास’ हे गुणपत्रकातल्या विषयांतच दिसतं. जाहिरातीत ‘बालविकास’ लिहिलं असलं की कारकून नावं जुळवतो आणि अर्ज बाजूला ठेवतो. म्हणून महाविद्यालय सोडण्याआधीच विशेष विषय, त्याचं जुनं नाव आणि अभ्यासलेले विषय नमूद केलेलं पत्र विभागप्रमुखांच्या सही-शिक्क्यासह घेऊन ठेवावं. तीन प्रती काढाव्यात, एक स्कॅन करून. दोन वर्षांनी विभागप्रमुख बदललेल्या असतात आणि पत्रासाठी चार फेऱ्या होतात. या विद्यार्थिनीच्या तीन झाल्या.